जोसेफ हौ : हिशेब मागणारा संपादक

लोकांनीं निवडलेली सभा असणें व लोकांचें राज्य असणें ह्या दोन गोष्टी एकच आहेत, असा समज पुष्कळ सुशिक्षितांचा असतो. सभेंत भाषणें होतात, ठराव होतात, प्रश्न विचारले जातात आणि वर्तमानपत्रांत त्यांचे वृत्तांत छापून येतात. एवढ्यावर आपण समाधान मानतों. परंतु ज्याच्या हातीं तिजोरीची किल्ली आहे, तो मनुष्य त्या सभेस जाब देण्यास बांधलेला आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न असतो. तो बांधलेला नसेल, तर सभा ही शोभेची वस्तु होय. इंग्लंडच्या साऱ्या वसाहतींपैकीं हा भेद ओळखून कारभाऱ्यांस सभेपुढें नमविणारी पहिली वसाहत म्हणजे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हास्कोशिआ; आणि ह्या कामांत तिचा पुढारी कोणी सरदार, सेनापति किंवा बॅरिस्टर नसून एक छापखानेवाला होता. त्याचें नांव जोसेफ हौ. आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच तें ऐकलें असेल. म्हणून त्याचें चरित्र आज थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम त्या प्रांताची पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. नोव्हास्कोशिआ म्हणजे नवें स्कॉटलंड. तेथील मूळचे रहिवासी मिक्माक लोक. त्यांच्या भूमीवर अकेडियन नांवाचे फ्रेंच शेतकरी येऊन राहिले. १७१३ च्या तहानें मुलूख इंग्रजांकडे गेला. १७४९ त इंग्रजांनीं हॅलिफॅक्स शहर वसविलें. आणि १७५५ पासून त्या अकेडियन शेतकऱ्यांस हजारोंच्या संख्येनें घरादारांतून उठवून जहाजांत घालून देशोधडीस लाविलें. त्यांच्या जागीं मग न्यू इंग्लंडकडून नवे वसाहतवाले आणून बसविले. दरम्यान १७५८ सालीं हॅलिफॅक्स येथें लोकनियुक्त सभा भरली. आजच्या कॅनडाच्या हद्दींतील अशी ती पहिलीच सभा होय. पुढें अमेरिकेंतील तेरा वसाहती स्वतंत्र झाल्या, तेव्हां इंग्लंडच्या राजाशीं एकनिष्ठ राहिलेले हजारों लोक ह्या प्रांतांत आश्रयास आले. त्यांतच बोस्टनचा एक मुद्रक होता, जॉन हौ. तो हॅलिफॅक्स येथें सरकारी मुद्रक व पोस्टमास्तर झाला. त्याच्या पोटीं १३ डिसेंबर १८०४ रोजीं जोसेफचा जन्म झाला.

हा जोसेफ ऐन तारुण्यांत आला तोंपर्यंत सभा होऊन सुमारें पाऊणशें वर्षें लोटलीं होतीं. पण कारभार कोणाच्या हातीं होता? गव्हर्नरच्या भोंवतीं बारा जणांचें एक कौन्सिल असे. तेंच कायदे मंजूर किंवा नामंजूर करी, तेंच अंमलबजावणी करी, व त्याच्या बैठकी बंद दाराआड होत. त्याचे सभासद सरकारनें नेमलेले व बहुधा तहहयात असत. पुढें हौनें सभेपुढें मांडलेल्या ठरावांत दाखविलें आहे कीं, ह्या बारांपैकीं पांच जण दोन घराण्यांच्या नात्यांत गुंतलेले होते, व दुसरे पांच अगदीं अलीकडेपर्यंत एकाच व्यापारी पेढीचे भागीदार होते. ही पेढी म्हणजे १८२५ सालीं निघालेली हॅलिफॅक्स बँक. सावकार तोच, कायदा करणारा तोच आणि अंमलदारही तोच. अशा ठिकाणीं सामान्य व्यापाऱ्याची काय गति होत असेल, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नकोच.

जोसेफचें शालेय शिक्षण बेताचेंच झालें. तेराव्या वर्षापासून तो छापखान्यांत व पोस्टांत राबूं लागला. जें ज्ञान त्यानें मिळविलें तें वडिलांच्या सहवासांतून व रात्रीं दिव्यापाशीं बसून केलेल्या वाचनांतून. तेविसाव्या वर्षीं त्यानें ‘नोव्हास्कोशिअन’ हें साप्ताहिक विकत घेतलें. वर्गणी वसूल करण्यास व बातम्या मिळविण्यास तो घोड्यावर बसून प्रांतभर हिंडे. शेतकऱ्याच्या चुलीशीं बसे, कोळ्यांच्या वस्तींत राही, लाकूडतोड्यांशीं गप्पा मारी. ह्या फेऱ्यांचीं वर्णनें पत्रांत येत व लोक तीं आवडीनें वाचीत. सभेच्या वादविवादांचीं टिपणें तो स्वतः घेई व सविस्तर छापी. टॉमस चँडलर हॅलिबर्टन ह्या ग्रंथकाराचा नोव्हास्कोशिआचा इतिहास त्यानेंच १८२९ त छापला, आणि त्याच ग्रंथकाराच्या घड्याळविक्याच्या गोष्टी, ज्या पुढें इंग्लंड-अमेरिकेंत गाजल्या, त्या प्रथम ह्याच पत्रांत निघाल्या. पत्र चालविणें म्हणजे सरकारास शिव्या देणें नव्हे, प्रांताला स्वतःची ओळख करून देणें होय, हें हौनें आरंभापासूनच ओळखलें होतें. प्रारंभीं तो राजकारणांत नेमस्तच होता. परंतु १८३० सालीं ब्रँडीवरील जकातीच्या वादांत कौन्सिलनें सभेचा निर्णय झुगारून दिला व प्रांताचें उत्पन्न बुडूं दिलें; तेव्हां त्याचे डोळे उघडले.

मग आला तो १८३५ सालचा खटला. हॅलिफॅक्सला तेव्हां म्युनिसिपालिटी नव्हती. शहराचा कारभार गव्हर्नरनें नेमलेले मॅजिस्ट्रेट पाहात. कर बसविणें, वसूल करणें, तुरुंग व गरीबखाना चालविणें हें सर्व त्यांच्याकडेच. हिशेबांबद्दल ग्रँड ज्यूरीनें तक्रारी केल्या, त्यांचें फळ कांहींच निघालें नाहीं. १ जानेवारी १८३५ च्या अंकांत हौनें ‘लोक’ अशा अर्थाच्या सहीचें एक पत्र छापलें. गेल्या तीस वर्षांत मॅजिस्ट्रेट व पोलीस ह्यांनीं मिळून शहरवासीयांच्या खिशांतून तीस हजार पौंड अयोग्य रीतीनें उकळले, असा त्यांत आरोप होता. पत्र दुसऱ्याचें होतें. परंतु लेखकाचें नांव पुढें करून हौनें आपली सुटका करून घेतली नाहीं. त्याच्यावर फौजदारी बेअब्रूचा खटला भरण्यांत आला.

येथें कायद्याचा मुद्दा वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणें फौजदारी बेअब्रूच्या खटल्यांत मजकूर खरा आहे हा बचावच होत नसे. सार्वजनिक शांततेस धोका हा गुन्ह्याचा गाभा मानला जाई, आणि खऱ्या आरोपानें तर लोक अधिकच खवळतात, असें त्यामागचें तर्कशास्त्र होतें. इंग्लंडांत सत्य व लोकहित ह्या दोहोंचा मिळून बचाव १८४३ च्या कायद्यानें मान्य झाला. आपल्याकडे तो १८६० च्या दंडसंहितेंत आला. म्हणजे हौच्या हातीं कायद्याचें कोणतेंच शस्त्र नव्हतें. वकिलांनीं त्याला स्पष्ट सांगितलें कीं, खटला हरल्यांत जमा आहे. तेव्हां त्यानें त्यांच्याचकडून कायद्याचीं पुस्तकें उसनीं आणलीं, कांहीं दिवस तीं वाचून काढलीं, आणि स्वतःचा वकील स्वतःच होण्याचें ठरविलें.

मार्च १८३५ च्या आरंभीं खटला उभा राहिला. न्यायासनावर मुख्य न्यायाधीश ब्रेंटन हॅलिबर्टन, सरकारतर्फे अॅटर्नी-जनरल आर्चिबाल्ड, आणि आरोपीच्या जागीं तीस वर्षांचा संपादक. तो सहा तासांहून अधिक वेळ बोलला. वक्तृत्वापेक्षां त्या भाषणाची मांडणी अभ्यासण्याजोगी आहे. कोणतें काम कोणाला मिळालें, कोणता पैसा कोठें मुरला, तुरुंगांतील श्रम कोणाच्या खासगी कामीं लागले, गरिबांच्या अन्नांत कोणी हात मारला, अशा एकेका रकमेचा व व्यवहाराचा त्यानें झाडा घेतला. शेवटीं त्यानें ज्यूरीला हें पटवून दिलें कीं, शांततेचा भंग पत्र छापणाऱ्यानें केला नाहीं, पैसे खाणाऱ्यांनीं केला. आणि छापखान्याचें तोंड बांधलें गेलें तर मुलाबाळांस वारसा म्हणून द्यावयास कांहीं उरणार नाहीं. आपल्या मतें हा मजकूर बेअब्रूकारक आहे, असें न्यायाधीशांनीं ज्यूरीस सांगितलें. ज्यूरीनें दहा मिनिटांत निर्दोषी म्हणून निकाल दिला. लोकांनीं हौला खांद्यावर घेऊन घरीं नेलें.

ह्या निकालानें कायदा बदलला, असें पुष्कळ जण लिहितात; तें बरोबर नाहीं. ज्यूरीचा निकाल हा पुढील न्यायालयांस बंधनकारक दाखला होत नसतो. बदललें तें निराळेंच. कांहीं मॅजिस्ट्रेटांनीं राजीनामे दिले. १८४१ त हॅलिफॅक्सला निवडून आलेल्या नगरसभेसह म्युनिसिपालिटी मिळाली. आणि अधिकाऱ्याच्या अंगरख्याला हात लावतां येतो, हें लोकांस प्रत्यक्ष दिसलें. भीति एकदां मोडली म्हणजे कायदा मागून मोडतो.

खटल्यानंतर पावणेदोन वर्षांनीं, १८३६ च्या डिसेंबरांत, हौ सभेंत निवडून आला, आणि १८३७ त त्यानें कौन्सिलविरुद्ध आपले प्रसिद्ध बारा ठराव मांडले. विलायत सरकारनें कौन्सिलाचे दोन भाग करून कायद्याचें काम व अंमलबजावणी वेगळीं केलीं. पण अंमलदारांनीं सभेला जाब द्यावा हें मुख्य मागणें मान्य केलें नाहीं. त्याच सुमारास, १८३७ त, कॅनडाच्या इतर प्रांतांत बंडें झालीं व रक्तपात झाला. हौ बंडखोरांच्या वाटेला गेला नाहीं. लॉर्ड डरहॅमच्या १८३९ च्या अहवालानें जबाबदार राज्यपद्धतीची शिफारस केली. वसाहतमंत्री लॉर्ड जॉन रसेल ह्यांनीं ती अशक्य ठरविली. तेव्हां हौनें रसेलसाहेबांस चार अनावृत पत्रें लिहिलीं. इंग्लंडांतल्या एखाद्या शहरास जो हक्क आहे तो समुद्रापलीकडील इंग्रजी प्रजेस कां नसावा, आणि ज्याला प्रांताची माहिती नाहीं असा गव्हर्नर अखेर जुन्या कंपूच्या मुठींतच कसा जातो, हा त्यांतील प्रतिपादनाचा कणा होय. १८४० त सभेनें कारभाऱ्यांविरुद्ध अविश्वास दर्शविला, आणि त्याच वर्षीं गव्हर्नर सर कॉलिन कॅम्बेल ह्यांस जावें लागलें.

ह्याच धामधुमींत मुख्य न्यायाधीशाच्या मुलानें हौस द्वंद्वयुद्धाचें आव्हान दिलें. हौनें तें स्वीकारलें; प्रतिपक्षाची गोळी चुकली, आणि हौनें आपली गोळी आकाशांत झाडली. असली रानटी चाल त्या काळच्या सभ्य समाजांत प्रतिष्ठेची समजली जाई. एकदां धैर्य सिद्ध केल्यावर पुढलीं आव्हानें त्यानें नाकारलीं, ह्यांत त्याचें शहाणपण दिसतें.

कॅम्बेलच्या जागीं आलेले गव्हर्नर म्हणजे लॉर्ड फॉकलंड. हें नांव मुंबईकरांस अपरिचित नाहीं. ज्यांच्या नांवानें मुंबईंत फॉकलंड रोड झाला, व जो आतां पठ्ठे बापूराव मार्ग म्हणून ओळखला जातो, तेच हे गृहस्थ. त्यांनीं प्रथम दोन्ही पक्षांचें संमिश्र कौन्सिल बनविलें व हौला त्यांत घेतलें. परंतु १८४३ च्या अखेरीस प्रतिपक्षाचा पुढारी जॉन्स्टन ह्याच्या मेव्हण्यास कौन्सिलांत नेमण्यांत आलें, तेव्हां हौ व त्याचे सहकारी राजीनामा देऊन बाहेर पडले. पुनः लेखणी हातीं धरून हौनें लाटसाहेबांवर उपहासाच्या कवितांचा व लेखांचा भडिमार केला. १८४६ त तर सभेंत बोलतांना, गव्हर्नर असाच वागला तर कोणी तरी त्याला चाबकानें झोडपविण्यासाठीं मनुष्य भाड्यानें आणील, अशा अर्थाचें तो बोलून गेला. ही भाषा प्रतिष्ठेस शोभणारी नव्हती, व तिची किंमत त्याला पुढें द्यावी लागली. फॉकलंडसाहेब त्याच वर्षीं परत गेले.

१८४७ च्या ऑगस्टांत निवडणुका झाल्या व हौच्या पक्षास बहुमत मिळालें. १८४८ च्या जानेवारींत सभेनें जुन्या कारभाऱ्यांवर अविश्वास दर्शविला. त्यांनीं राजीनामा दिला. आणि २ फेब्रुवारी १८४८ रोजीं जेम्स बॉइल युनिआक ह्याचें मंत्रिमंडळ अधिकारारूढ झालें. इंग्लंडच्या समुद्रापारच्या वसाहतींत जबाबदार मंत्रिमंडळ आलें तें हें पहिलें. एक थेंब रक्त सांडलें नाहीं. मुख्य प्रधानपद मात्र हौला मिळालें नाहीं. गव्हर्नराशीं झालेल्या भांडणाचा डाग त्याच्यावर होता. तो प्रांतिक सेक्रेटरी झाला, पण प्राण त्याचाच होता.

ह्या घटनेचा आपल्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. १९०६ सालीं कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेंत दादाभाई नौरोजींनीं इंग्लंडच्या किंवा वसाहतींच्या धर्तीचें स्वराज्य मागितलें, आणि २० ऑगस्ट १९१७ रोजीं मॉण्टेग्यूसाहेबांनीं जबाबदार राज्यपद्धति हें हिंदुस्थानाचें ध्येय म्हणून जाहीर केलें. त्या मागणींतील व त्या जाहीरनाम्यांतील शब्दांचा जन्म ह्याच वसाहतींच्या झगड्यांतून झालेला आहे. परंतु संबंध एवढ्यावर संपत नाहीं. हॅलिफॅक्स सोडून गेलेले फॉकलंडसाहेब १८४८ च्या मे महिन्यांत मुंबईचे गव्हर्नर होऊन आले. आदल्याच महिन्यांत साताऱ्याचे शहाजी महाराज ऊर्फ अप्पासाहेब मरणसमयीं दत्तक घेऊन वारले होते. पूर्वीचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांनीं राज्य खालसा करण्यास विरोध केला होता. फॉकलंडसाहेबांनीं खालसा करण्याच्या बाजूस आपलें मत दिलें, व तें राज्य बुडालें. ज्या वर्षीं गोऱ्या प्रजेस आपल्या कारभाऱ्यांस काढण्याचा हक्क मिळाला, त्याच वर्षीं शिवछत्रपतींच्या वंशजांच्या गादीचा निकाल प्रजेस एक शब्दही न विचारतां सुरू झाला. साम्राज्य एक, गव्हर्नर एक, पण न्यायाचीं मापें दोन! वसाहतींच्या स्वातंत्र्याचा इतिहास वाचतांना हें दुसरें माप विसरणें म्हणजे अर्धाच इतिहास वाचणें होय.

हौच्या दोषांवर पांघरूण घालण्याचें कारण नाहीं. तो जन्मभर कर्जांत राहिला व विलायत सरकारकडे मोठ्या पदासाठीं अर्ज करीत राहिला. १८५४ त मंत्रिपद सोडून तो रेल्वेचा मुख्य कमिशनर झाला. सरकारी पैशानें बांधलेले हॅलिफॅक्स ते विंडसर व ट्रूरो हे लोहमार्ग १८५८ पर्यंत पुरे झाले, हें त्याचें मोठें काम खरें. परंतु त्याच बांधकामावर १८५६ त आयरिश कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट मजुरांत दंगल झाली, तेव्हां हौनें गुन्हेगारांस दोष देण्याऐवजीं साऱ्या कॅथॉलिक समाजावर लेखणी चालविली. परिणाम असा झाला कीं, कॅथॉलिक सभासद पक्ष सोडून गेले व १८५७ च्या फेब्रुवारींत त्याच्याच पक्षाचें मंत्रिमंडळ कोसळलें. धर्माधर्मांत भांडण लावून कोणाचेंच राज्य टिकत नाहीं, हा धडा त्यानें स्वतःच्या हातानें लिहून ठेविला. मिक्माक लोकांसाठीं १८४२ पासून कांहीं काळ कमिशनर म्हणून त्यानें खटपट केली, तिचें फळ अल्प निघालें. आणि १८५१ त स्त्रियांना मतदानांतून स्पष्ट शब्दांनीं वगळणारा कायदा त्याच्याच पक्षाच्या अमदानींत झाला. जाब मागण्याचा हक्क अर्ध्या प्रजेला नाकारूनच त्या सुधारकांनीं आपलें घर बांधलें होतें. तेथील स्त्रियांना तो हक्क १९१८ त मिळाला.

१८६० ते १८६३ पर्यंत हौ मुख्य प्रधान होता. नंतर चार्ल्स टपर ह्याच्या पक्षानें त्याला पाडलें. आतां त्याच्या आयुष्यांतला सर्वांत कठीण प्रसंग आला. १८६४ त कॅनडाच्या प्रांतांचें एकीकरण करण्याची योजना शार्लटटाउन व क्विबेक येथील परिषदांत ठरली. नोव्हास्कोशिआची वस्ती सुमारे तीन लाख तीस हजार. जहाजबांधणी व समुद्रव्यापार हा तिचा जीव. जकात शेंकडा दहा. कॅनडाची जकात ह्याहून अधिक, वस्ती कितीतरी पट, आणि राजधानी दूर आंतल्या भागांत. ह्या योजनेवर निवडणूक घ्यावी, एवढेंच हौचें म्हणणें होतें. टपरनें ती घेतली नाहीं. १८६३ त निराळ्याच प्रश्नांवर निवडून आलेल्या सभेकडून त्यानें १८६६ च्या एप्रिलांत ठराव करवून घेतला. हौ लंडनला जाऊन झगडला, तरी पार्लमेंटनें कायदा केला. आणि १ जुलै १८६७ रोजीं प्रांत कॅनडाच्या संघांत गेला. सप्टेंबरांत निवडणूक झाली, तेव्हां संघाच्या पार्लमेंटांतील १९ जागांपैकीं १८ व प्रांतिक सभेंतील ३८ पैकीं ३६ संघविरोधकांनीं जिंकल्या. प्रजेचें मत काय होतें, तें असें उशिरां कळलें.

टपरचें कृत्य बेकायदेशीर नव्हतें. परंतु कायदेशीर तेवढें सगळें न्याय्य नसतें. मालकानें मुखत्यारपत्र दिलें तें मिळकतीची व्यवस्था पाहण्यास. त्या पत्राच्या जोरावर मुखत्यारानें मिळकतच दुसऱ्याच्या नांवें करून दिली, तर त्याला कोण विश्वासू म्हणेल? निवडलेली सभा ही प्रजेची मुखत्यार आहे, मालक नव्हे. हौनें पहिला अर्धा जन्म अनियुक्त कौन्सिलाशीं लढण्यांत घालविला. म्हातारपणीं त्याला लोकनियुक्त सभेशींच त्याच तत्त्वासाठीं लढावें लागलें.

१८६८ त हौ पुनः लंडनला गेला, व कायदा रद्द करण्यास विलायत सरकारनें साफ नकार दिला. आतां तीन वाटा होत्या : बंड, अमेरिकेंत सामील होणें, किंवा मिळतील तितक्या चांगल्या अटी पदरांत पाडून घेणें. पहिल्या दोन त्याच्या मनाला पटण्यासारख्या नव्हत्या. त्यानें तिसरी धरली. १८६९ च्या जानेवारींत झालेल्या तडजोडीनें प्रांताच्या कर्जाची मान्य रक्कम ८० लाख डॉलरांवरून ९१ लाख ८६ हजार ७५६ पर्यंत वाढली, व दहा वर्षें दरसाल ८२ हजार ६९८ डॉलर अधिक मिळावयाचे ठरले. हौ मॅक्डोनल्डच्या मंत्रिमंडळांत गेला. कालचे सोबती त्याला फितूर म्हणूं लागले, व कित्येकांनीं त्याला मरेपर्यंत क्षमा केली नाहीं.

तो फितूर होता काय? आमच्या मतें नव्हे. त्यानें नुसती तडजोड करून खुर्ची पकडली नाहीं. मंत्रिपद घेतांच त्या काळच्या नियमाप्रमाणें पुनः निवडणुकीस उभें राहावें लागे. त्याप्रमाणें चौसष्ट वर्षांचा हा वृद्ध भर हिवाळ्यांत हॅण्ट्स परगण्यांत गांवोगांव हिंडला, शिव्याशाप सोसले, कां वळलों तें मतदारांस तोंडानें सांगितलें, आणि निवडून आला. टपरनें जें टाळलें तें हौनें केलें. त्या फिरतींत त्याची प्रकृति ढासळली ती पुनः सुधारली नाहीं. १८७३ च्या मे महिन्यांत त्याला नोव्हास्कोशिआचा लेफ्टनंट-गव्हर्नर नेमलें. आणि ज्या सरकारवाड्यांतील गव्हर्नरांशीं त्यानें हयात झुंजण्यांत घालविली, त्याच वाड्यांत तीन आठवड्यांनीं, १ जून १८७३ रोजीं, त्याचा अंत झाला. हॅलिफॅक्सच्या सभागृहाच्या आवारांत १९०४ पासून त्याचा पुतळा उभा आहे.

ह्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध आम्हांस साधा दिसतो. हौची चळवळ स्वातंत्र्यावरील व्याख्यानापासून सुरू झाली नाहीं; ती एका शहराच्या करवसुलीच्या हिशेबापासून सुरू झाली. गरीबखान्याचें पीठ कोणी पुरविलें व कोणत्या दरानें, हा प्रश्न ज्याला क्षुद्र वाटतो, त्याच्या तोंडीं राज्यपद्धतीच्या गोष्टी शोभत नाहींत. आपण दुकानांत मुनिमाकडून पैपैचा हिशेब घेतों, पण नगरपालिकेचा वार्षिक जमाखर्च आपल्यापैकीं कितीजण उघडून पाहतात? परके अंमलदार गेले म्हणजे हें काम संपलें, असें समजूं नये. आपल्याच मतांनीं निवडलेला मनुष्य आपल्याला न विचारतां आपली मिळकत दुसऱ्याच्या नांवें करूं शकतो, हें नोव्हास्कोशिआच्या लोकांनीं १८६६ सालीं अनुभवलें. म्हणून मत दिल्यावर मतदाराचें कर्तव्य संपत नाहीं, तेथें तें सुरू होतें. प्रत्येक पेठेंतील दोन-चार व्यापाऱ्यांनीं व वकिलांनीं आपल्या शहराचा जमाखर्च मागवावा, रकमा ताडून पाहाव्या, आणि ज्या जुळत नाहींत त्यांबद्दल सही करून उघड विचारावें. हौनें ह्याहून निराळें कांहीं केलें नव्हतें.